व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनने रक्त घट्ट होतं का? आणि रिपोर्ट लगेच का सुधारत नाही?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं आहे की वडिलांच्या पित्ताशयातला खडा सरकून पित्तनळीत अडकलाय, कावीळ वाढत चाललीय, ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, खडा काढायचं ठरलं होतं पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं उशिरा) २.१ आला म्हणून ते पुढे ढकललं आणि शिरेतून व्हिटॅमिन के दिलं. चार तासांनी परत तपासलं तर २.०, म्हणजे जवळपास तिथल्या तिथेच. वडिलांना आधी हृदयात स्टेंट टाकलेला आहे, त्यामुळे तुम्ही तीन गोष्टी विचारताय. या इंजेक्शनने रक्त घट्ट होऊन स्टेंटमध्ये गुठळी होईल का, इतके तास जाऊनही फरक का नाही पडला, आणि साधं व्हिटॅमिनच आहे तर तोंडाने गोळी का नाही दिली.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रक्त गोठण्याच्या टेस्ट करणं आणि त्या रिपोर्टचा अर्थ वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. वडिलांना मी तपासलेलं नाही आणि ते कोणकोणत्या गोळ्या घेतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावर बरंच काही अवलंबून आहे, ते पुढे त्या त्या ठिकाणी सांगेन.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समज दिसतो, की व्हिटॅमिन के हा रक्त गोठवणारा पदार्थ आहे, जितका जास्त घातला तितकं रक्त जास्त गोठणार. नातेवाईकांकडून हे मी कायम ऐकतो आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण "रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन" एवढंच सगळीकडे सांगितलेलं असतं. पण रक्ताच्या गुठळीत व्हिटॅमिन के कुठेच नसतं. लॅबमध्ये ट्यूबमधल्या रक्तात ते नुसतं टाकून बघितलं तरी काही होणार नाही, एका सेकंदाचाही फरक नाही. त्याचं काम रक्तात नाहीच, लिव्हरच्या पेशीत आहे, आणि तेसुद्धा प्रोटीन बनवण्याच्या अगदी शेवटच्या एका पायरीवर. ही पायरी एकदा समजली की बाकी सगळी उत्तरं आपोआप निघतात.

रक्त गोठवणारी बहुतेक प्रोटीन्स, ज्यांना आपण क्लॉटिंग फॅक्टर म्हणतो, ती लिव्हर बनवतं आणि ती रक्तात निष्क्रिय अवस्थेत फिरत असतात. त्यातल्या चार फॅक्टरना व्हिटॅमिन के लागतं, दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचा. दोन नंबरचा म्हणजेच प्रोथ्रॉम्बिन. शिवाय प्रोटीन सी आणि प्रोटीन एस अशी आणखी दोन आहेत, त्यांचं काम उलटं, गोठण्याची क्रिया गरजेपेक्षा जास्त पुढे जाऊ नये म्हणून तिला आवर घालणं. त्यांनाही हेच व्हिटॅमिन लागतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, स्टेंटच्या प्रश्नात ती उपयोगी पडेल.

आता पायरी बघू. लिव्हरच्या पेशीत जीनवरून प्रोटीनची साखळी तयार होते, इथपर्यंत व्हिटॅमिन केची गरज नसते, ते नसलं तरी साखळी बनते. पण या साखळीच्या सुरुवातीच्या साधारण पंचेचाळीस अमिनो ॲसिडच्या भागात काही ठरावीक जागी ग्लुटामिक ॲसिड असतं, प्रोथ्रॉम्बिनमध्ये अशा १० जागा आहेत. ग्लुटामिक ॲसिडच्या टोकाला एक कार्बोक्सिल ग्रुप (कार्बन आणि ऑक्सिजनचा छोटा गट) असतोच, तिथे कार्बन डायऑक्साइड वापरून शेजारीच आणखी एक कार्बोक्सिल ग्रुप बसवायचा असतो. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे कार्बोक्सिलेज. अडचण अशी की नवीन ग्रुप बसवायचा तर त्या जागेवरचा एक हायड्रोजन आधी काढावा लागतो आणि तो तिथून सहजासहजी सुटत नाही. तो ओढून काढण्यासाठी लागणारा जोर व्हिटॅमिन के पुरवतं, त्याच्या हायड्रोक्विनोन रूपाचं ऑक्सिजनबरोबर ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून हे काम साधतं. या भानगडीत व्हिटॅमिन केचं इपॉक्साइड होऊन बसतं, म्हणजे ते निकामी होतं. मग दुसरं एक एन्झाइम, व्हीकेओआर, त्याला परत मूळ रूपात आणतं आणि तोच रेणू पुन्हा कामाला लागतो. असा एकच रेणू पुन्हापुन्हा वापरला जातो म्हणून आपल्याला रोज मायक्रोग्रॅममध्येच व्हिटॅमिन के पुरतं, मोठ्या माणसाला साधारण शंभरच्या आसपास. वॉरफरिन नावाची रक्त पातळ करायची गोळी बरोबर या परतीच्या पायरीवरच अडथळा आणते.

दोन कार्बोक्सिल ग्रुप शेजारी शेजारी आले की काय होतं? दोघांवरही ऋण भार असतो, त्यामुळे चिमट्याची दोन टोकं जशी वस्तू धरतात तसं ते दोघं मिळून कॅल्शियम धरतात. एकट्या ग्रुपला ते नीट जमत नाही. आणि कॅल्शियम धरता येणं हीच सगळी मेख आहे, कारण रक्त मोकळ्या प्रवाहात गोठत नाही, ते पृष्ठभागावर गोठतं. रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे प्लेटलेट्स चिकटतात आणि त्यांच्या आवरणाच्या आतल्या बाजूला असलेलं फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं लिपिड बाहेर येतं. आपले फॅक्टर कॅल्शियमच्या मदतीने या लिपिडला जाऊन चिकटतात, एकमेकांजवळ येतात, एकाने दुसऱ्याला सक्रिय करायचं काम हजारो पटींनी वेगात होतं, शेवटी प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनतं आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन नावाच्या प्रोटीनपासून फायब्रिनचे धागे करतं. ज्या फॅक्टरवर तो दुसरा ग्रुप बसलेलाच नाही तो रक्तात असतो, फिरत असतो, पण इजा झालेल्या जागी टिकत नाही.

हे लॅबमध्ये अगदी डोळ्यांनी दिसतं. वडिलांचं रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं असेल, त्यात सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि तेवढ्यानेच ते रक्त ट्यूबमध्ये पातळ राहतं. बाकी सगळे फॅक्टर आहेत, फक्त कॅल्शियम हाताशी नाही. मग ते फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा, ३७ डिग्रीला आणायचा आणि त्यात टिश्यू फॅक्टर (गोठण्याची क्रिया सुरू करणारं प्रोटीन), फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम असलेलं रिएजंट टाकून घड्याळ सुरू करायचं. हाताने टेस्ट करताना ट्यूब हलकीशी कलती करत राहतो आणि नॉर्मल प्लाझ्मात बारा तेरा सेकंदांत अचानक एक जाळी धरते, पातळ पाणी असलेली गोष्ट एका क्षणात जेलीसारखी थांबते. तुमच्या वडिलांसारख्या प्लाझ्मात मात्र बारा सेकंद होतात, पंधरा होतात, वीस होतात आणि पाणी अजून हलतंच असतं, मग कधीतरी बारीक धागे दिसायला लागतात. आता मशीन हे मोजतं पण तत्त्व तेच. ही पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम टेस्ट, आणि वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून त्याचाच काढलेला आयएनआर. त्याच प्लाझ्मात निम्मा नॉर्मल प्लाझ्मा मिसळला की वेळ लगेच नॉर्मलच्या जवळ येतो, यावरून कळतं की कमतरता आहे ती चांगल्या फॅक्टरांची, रक्तात कुठला अडथळा आणणारा घटक नाहीये.

आणि गंमत अशी की अशा पेशंटचं प्रोथ्रॉम्बिन अँटिबॉडी वापरून नुसतं मोजलं तर ते बऱ्यापैकी भरतं. प्रोटीन आहे, काम नाही. या गोष्टीचा उलगडा व्हायला फार वर्षं लागली. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोलेस्टेरॉलवर काम करत होते, १९२९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की चरबी काढून टाकलेलं खाद्य दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होतोय. कोलेस्टेरॉल परत देऊन थांबला नाही, म्हणजे चरबीत विरघळणारं दुसरंच काहीतरी हवं होतं, १९३५ मध्ये त्यांनी त्याला व्हिटॅमिन के म्हटलं. त्याची रासायनिक रचना एडवर्ड डॉइझी यांनी शोधली आणि दोघांना १९४३ चं नोबेल मिळालं. पण ते नेमकं करतं काय हे १९७४ पर्यंत कळलं नव्हतं, कारण प्रोटीन तपासायला ते आम्लात उकळायचे आणि त्या उकळण्यात नेमका तो जादाचा कार्बोक्सिल ग्रुपच गळून पडायचा, चांगलं आणि बिघडलेलं प्रोथ्रॉम्बिन सारखंच दिसायचं. स्वीडनमध्ये योहान स्टेनफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गॅरी नेल्सेस्टुएन यांच्या गटाने, आम्लाचा मार्ग टाळून तो ग्रुप पकडला. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

आता तुमच्या प्रश्नांकडे. आधी स्टेंट, कारण खरी काळजी तीच आहे. प्रत्येक प्रोटीनवर ग्रुप बसवायच्या जागा ठरलेल्या आहेत, प्रोथ्रॉम्बिनच्या दहा भरल्या की भरल्या, अकरावी जागा नाही. म्हणून व्हिटॅमिन के दिल्याने फॅक्टर त्यांच्या नॉर्मल कामापर्यंत येतात, त्याच्या पुढे जात नाहीत. शिवाय आवर घालणारी प्रोटीन सी आणि एससुद्धा त्याच इंजेक्शनने पूर्ण होतात, म्हणजे दोन्ही बाजू एकत्रच परत येतात. स्टेंटमध्ये होणारी गुठळी ही मुख्यतः प्लेटलेट्सची गोष्ट आहे, त्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात, त्या गोळ्यांचा व्हिटॅमिन केशी संबंध नाही आणि आयएनआरवर त्यांचा परिणामही दिसत नाही. तेव्हा स्टेंट आहे म्हणून हे इंजेक्शन टाळायला हवं होतं असं मला वाटत नाही. उलट एक गैरसमज इथे सांगतो, आयएनआर वाढलाय म्हणजे वडिलांचं रक्त आपोआप पातळ आहे, स्टेंटला चांगलंच आहे, असं समजून कुणी स्वतःहून ॲस्पिरिन बंद किंवा चालू करू नका, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवा.

एक अपवाद मात्र मोठा आहे. वडील वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल घेत असतील, म्हणजे कृत्रिम धातूचा व्हॉल्व्ह आहे किंवा ठोके अनियमित आहेत म्हणून, तर गोष्ट बदलते. तिथे आयएनआर मुद्दाम वाढवलेला असतो आणि व्हिटॅमिन केचा मोठा डोस दिला की ते संरक्षण जातं, आणि नंतर बरेच दिवस ती गोळी नीट लागूही पडत नाही. तिथे डॉक्टर डोस जपून ठरवतात. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, पण गोळ्यांची सगळी पाकिटं ड्युटीवरच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, तोंडी नावं सांगताना अशी एखादी गोळी हमखास राहून जाते.

आता चार तासांचा रिपोर्ट. जे अर्धवट फॅक्टर आधीच रक्तात सुटलेत ते दुरुस्त होत नाहीत, कारण ग्रुप बसवायचं काम पेशीच्या आत, प्रोटीन बाहेर पडायच्या आधीच होतं. इंजेक्शननंतर लिव्हर जी नवीन प्रोटीन्स सोडेल ती चांगली असतील, आणि जुनी खराब हळूहळू नाहीशी होतील. हा बदल किती वेगाने होणार ते प्रत्येक फॅक्टर रक्तात किती वेळ टिकतो त्यावर. सात नंबरचा सगळ्यात कमी टिकतो, त्याचा अर्धा आयुष्यकाळ, म्हणजे निम्मा संपायला लागणारा वेळ, साधारण सहा तास, नऊचा एक दिवस, दहाचा दीड दिवसाच्या आसपास, आणि प्रोथ्रॉम्बिनचा अडीच ते तीन दिवस. जो लवकर संपतो तोच लवकर नव्याने भरून येतो. म्हणून शिरेतून दिलेल्या व्हिटॅमिन केचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा तासांनी सुरुवात होते आणि बरीचशी सुधारणा बारा ते चोवीस तासांत दिसते. चार तासांनी २.१ चा २.० होणं यात काळजीचं काहीच नाही, खरं सांगायचं तर मी असतो तर चार तासांनी टेस्ट केलीच नसती, दुसऱ्या दिवशी सकाळी केली असती. आत्ताच्या आत्ता रक्तस्राव होत असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो, तेव्हा तयार फॅक्टर असलेला प्लाझ्मा किंवा प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स द्यावं लागतं आणि व्हिटॅमिन के त्याच्या जोडीला. वडिलांना रक्तस्राव नाही आणि प्रोसिजर एक दिवस थांबू शकत होती, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी घेतलेला मार्ग मला पटतो. अर्थात ताप आणि थंडी येत असेल, म्हणजे अडकलेल्या पित्तात इन्फेक्शन झालं असेल, तर इतकं थांबणं परवडत नाही, तो हिशोब वेगळा.

गोळीचं उत्तर सोपं आहे. व्हिटॅमिन के चरबीत विरघळतं, आतड्यातून ते शोषलं जायला पित्त लागतं, आणि वडिलांचं पित्त खड्याच्या मागे अडकलेलं आहे. ज्या कारणाने कमतरता झाली त्याच कारणाने गोळी वाया गेली असती. जेवणातून घेतलेल्या पालेभाज्यांचंही तेच. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत अशाच कावीळ झालेल्या, रक्तस्राव होणाऱ्या पेशंटना पहिल्यांदा व्हिटॅमिन के दिलं गेलं तेव्हा तोंडाने देताना सोबत पित्तातले क्षारही द्यावे लागले होते, त्याआधी अशा कावीळवाल्यांचं ऑपरेशन म्हणजे सर्जनला धडकी भरायची. शरीरात याचा साठाही फार नसतो, त्यात चार दिवस धड जेवण नाही आणि वर अँटिबायोटिक चालू असली की कमतरता पटकन उघडी पडते. नवजात बाळाकडे तर साठा जवळपास नसतोच, म्हणून जन्मल्यावर त्याला हे इंजेक्शन देतात. स्नायूत न देता शिरेतून का दिलं असंही कुणी विचारेल, तर गोठण्याची क्रिया बिघडलेली असताना स्नायूत सुई मारली की आत रक्त साचून गाठ येऊ शकते. आणि शिरेतून देताना ते सलाईनमधून सावकाश देतात, क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते म्हणून.

आता ज्यावर खरोखर परिस्थिती ठरते ते. वर म्हटलं तसं साखळी लिव्हरने बनवायची आणि व्हिटॅमिन केने ती पूर्ण करायची. लिव्हरच थकलेलं असेल, साखळीच बनत नसेल, तर कितीही इंजेक्शनं दिली तरी आयएनआर फारसा हलणार नाही. मग फरक ओळखायचा कसा, तर पाच नंबरचा फॅक्टर बघायचा. तोही लिव्हरच बनवतं पण त्याला व्हिटॅमिन के लागत नाही. पाच नॉर्मल आणि सात कमी असेल तर दोष व्हिटॅमिन केचा, दोन्ही कमी असतील तर लिव्हरकडे बोट जातं. सगळीकडे ही टेस्ट लगेच होत नाही आणि बहुतेक वेळा गरजही पडत नाही, इंजेक्शन देऊन चोवीस तासांनी परत पीटी करणं हीच एक टेस्ट असते. उद्या आयएनआर १.२ किंवा १.३ आला तर समजा की लिव्हर कामाला तयार होतं, त्याला फक्त व्हिटॅमिन मिळत नव्हतं. १.७ वर अडकला तर दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या असू शकतात, पित्त बरेच दिवस तुंबलं की लिव्हरवरही ताण येतो, तेव्हा अजून एखादा डोस की प्लाझ्मा हे डॉक्टर ठरवतील. अशा प्रोसिजरला चीर द्यायची असेल तर बरेच डॉक्टर आयएनआर १.५ च्या आत असावा असं बघतात.

उद्या राऊंडला डॉक्टर आले की एवढं विचारा, सकाळचा आयएनआर किती, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन किती, प्लेटलेट्स किती, आणि स्टेंटच्या गोळ्या प्रोसिजरच्या दिवशी चालू ठेवायच्या का. रक्त घेताना निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली जातेय का तेही बघा, कमी भरली तर सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि पीटी उगाच लांबलेला येतो. खडा निघून पित्त वाहायला लागलं, जेवण सुरू झालं की शरीर आपलं आपण व्हिटॅमिन के शोषायला लागतं, घरी सप्लिमेंट सुरू ठेवायची सहसा गरज लागत नाही. तोपर्यंत हिरड्यांतून रक्त, लघवीत लाली, काळी डांबरासारखी शी, सुईच्या जागेवरून झिरपत राहणं किंवा अचानक गुंगी आणि डोकेदुखी यातलं काही दिसलं तर सकाळच्या रिपोर्टची वाट बघू नका, त्याच वेळी नर्सला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा.